बत्तीस वळणांची मजुरी

मिस्त्रींच्या घरात वाजायचं ते मेहुणा येऊन गेल्यावर. तो असेपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चालायचं. बंदरावरून येताना तो बहिणीसाठी कापड आणायचा, मिस्त्रींसाठी वासाचा साबण आणायचा आणि दोन दिवस ओट्यावर खुर्ची टाकून दरीकडे बघत चहा प्यायचा. पिता पिता एखादं वाक्य असं सोडून द्यायचा की तो गेल्यावर पंधरा दिवस घरात त्याच वाक्याचं पीक निघायचं.

या खेपेचं वाक्य होतं, "आमच्या बंदरावर खुर्चीमागे बारा देतात, ताई."

"यांना आठ मिळतात," बायको म्हणाली. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, म्हणजे ते नवऱ्यालाच होतं.

मेहुण्यानं खुर्चीच्या पुढच्या पायावरून उगाच दोन बोटं फिरवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यात चहा ओतला.

मेहुणा गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं भाकरी थापता थापता निकाल दिला. "महिना संपेपर्यंत बंदराचा भाव मिळवा. नाहीतर आपण तिकडे जायचं, माझ्या भावाकडे. त्याच्या जिन्याखाली जागा आहे. तो तुम्हाला कामाला लावून देईल."

मिस्त्री ताटावर बसले होते. बंदरावर जायला त्यांची ना नव्हती, लोक जातातच. पण ज्या मेहुण्याला त्यांनी स्वतः रंधा धरायला शिकवला, ज्यानं पहिल्या दिवशी रंधा उलटा धरून स्वतःचीच नखं तासली, त्याच्या जिन्याखाली झोपायचं? त्याच्या ओळखीनं काम मिळवायचं? रोज सकाळी तो वरून जिना उतरणार आणि त्याच्या चपला मिस्त्रींच्या कपाळापासून वीतभर अंतरावरून जाणार. हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्यांनी ताट सरकवलं.

"माझ्या हाताला काय झालंय? चार कमी का म्हणून?"

"तेच तर मी विचारतेय. वीस वर्षं विचारतेय."

मिस्त्रींचा हात खरोखरच देवानं सवडीनं घडवलेला होता. त्यांच्या खुर्चीचा सांधा खिळ्याशिवाय बसे आणि माणूस म्हातारा झाला तरी सुटत नसे. आणि प्रत्येक खुर्ची घराबाहेर पडायच्या आधी वडिलांपासून चालत आलेल्या परीक्षेला बसे. बैठकीवर वाटी ठेवायची, काठोकाठ पाणी भरायचं. चारही बाजूंनी पाणी काठाला सारखं लागलं तर खुर्ची पास. एका अंगाला झुकलं तर ज्या पायाचा दोष असेल तो तासायचा. अशी पाण्यानं तावून सुलाखून घेतलेली खुर्ची पंचक्रोशीत दुसरी नव्हती. तरी बंदराच्या शेठकडून येणारी मजुरी, लाकडाचे वेगळे धरून, खुर्चीमागे आठच.

"मी स्वतः जातो," मिस्त्री म्हणाले. "शेठला तोंडावर विचारतो."

"आणि काय विचाराल?"

"विचारेन, की असं का?"

बायकोनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यांनी वाघाला तब्येत विचारायला जातो म्हणून सांगितलं. पण दशम्या बांधून दिल्या.

मंगळवारी भल्या पहाटे ट्रक आला. आठवड्यातून एकदाच यायचा. चाळीस खुर्च्या एकीवर एक पालथ्या घालून, दोरखंडानं आवळून झाल्यावर ट्रक असा दिसत होता की कोणीतरी खुर्च्यांची मिरवणूक काढली आहे. मिस्त्री ड्रायव्हरच्या शेजारी बसले.

"तुम्हाला माहीत आहे का मिस्त्री," पहिलं वळण घेता घेता ड्रायव्हर म्हणाला, "मी आयुष्यभर हवा वाहिली."

"म्हणजे?"

"मागे बघा. लाकूड किती आहे? हातभर. बाकी सगळी पायांमधली हवा. सिमेंट भरलं तर गाडी पोटभर जेवल्यासारखी चालते. तुमच्या खुर्च्या भरल्या की उपाशी पोटी ढेकर दिल्यासारखं वाटतं. पण भाडं तेवढंच. डिझेलला काय कळतंय आत हवा आहे का सिमेंट."

वळणं बत्तीस होती. सातव्याला ब्रेक तापले म्हणून थांबले. बाराव्याला समोरून बस आली, तिला वाट द्यायला ट्रक मागे घ्यावा लागला. अठराव्याला दोर ढिला झाला म्हणून पुन्हा आवळला, त्यात एका खुर्चीच्या हाताचा टवका उडाला. चोविसाव्या वळणावर पुलाचा टोल होता. मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या खुर्च्यांबरोबर प्रवास करत होते, आणि त्यांना असं वाटायला लागलं की आपण लेकीला सासरी सोडायला निघालोय आणि वाटेत जो भेटेल तो तिच्या अंगावरचा एकेक दागिना काढून घेतोय.

"आणि परत येताना काय आणता?"

"काय आणणार? रिकामाच येतो. म्हणून तर दोन्ही वेळचं भाडं शेठकडून घेतो. एका खुर्चीमागे तीन बसतात."

मिस्त्री पुढची चार वळणं हिशोब करत राहिले. आठ आणि तीन अकरा. मग बारातला उरलेला एक कोण खातो?

तो कोण खातो हे त्यांना दुपारी समजलं.

शेठचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं आणि मागे गोदाम. शेठ जेवायला गेले होते, म्हणून मिस्त्री आपल्या खुर्च्यांच्या मागोमाग गोदामात शिरले. आत करवतीचा आवाज येत होता. खिडकीतून येणाऱ्या उजेडात एक माणूस पाठमोरा बसलेला. त्याच्यापुढे खुर्ची आडवी पाडलेली. त्यानं पुढच्या पायावर दोन बोटं ठेवली, खूण केली, खर्र खर्र करून तुकडा उडवला, दुसऱ्या पायाचा उडवला, खुर्ची उभी केली आणि बाजूला सरकवली. पुढची घेतली. पुन्हा दोन बोटं. त्याच्या भोवती मिस्त्रींच्या खुर्च्यांच्या पायांचे तुकडे सांडले होते.

मिस्त्रींनी ते पाठमोरं डोकं ओळखलं. त्याच्यावर त्यांनी शिकवताना पुष्कळ टपल्या मारल्या होत्या.

"मेहुणेबुवा," ते म्हणाले, "हे काय चाललंय?"

मेहुणा उठला. करवत पाठीमागे लपवली. एवढी मोठी करवत पाठीमागे लपत नाही, दोन्हीकडून दिसते. "भाऊजी, तुम्ही? कधी आलात? ताई कशी आहे?"

"ताई राहू दे. माझ्या खुर्चीचे पाय का कापतोस?"

"बसा तर आधी. पाणी आणतो."

मिस्त्री रागानं जवळच्या खुर्चीवर बसले. ती अजून कापायची राहिलेली होती. बसले, आणि पाठ टेकताच सावकाश मागे कलले, इतके, की गोदामाचं छत दिसायला लागलं. ते सावरून पुढे आले आणि पुन्हा टेकले. पुन्हा छत.

"हे कसं?" ते छताकडे बघत म्हणाले. "मी पाणी ठेवून बघितलंय. एक थेंब इकडचा तिकडे नव्हता."

"भाऊजी, रागावणार नाही ना? तुमचं सगळं गाव डोंगराच्या उतारावर आहे. तुमच्या घराची जमीन पण दरीकडे उतरती आहे. त्या जमिनीवर खुर्ची ठेवून तुम्ही पाणी सरळ करता. म्हणजे पुढचे पाय दोन बोटं लांब होतात. तिथं ती सरळच दिसते. इथली जमीन सपाट, इथं ती मागे पडते."

मिस्त्रींच्या डोळ्यांपुढून सगळं गाव सरकत गेलं. गावात कोणाच्याही घरी गेलं तरी पाहुण्याला दरीकडे तोंड करून बसवायची पद्धत होती. घरच्यानंही दरीकडे पाठ करून बसायचं नाही, तो पाहुण्याचा अपमान. मिस्त्री लहानपणापासून याला संस्कार समजत आले होते. तसं बसलं नाही तर माणूस उताणा पडतो, हे कोणी कधी बोललंच नव्हतं.

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही मला शिकवलंत. गुरूला तोंडावर कसं सांगू, की तुमची खुर्ची उताणी पडते?" मेहुण्यानं मान खाली घातली. "आणि खरं सांगायचं तर खुर्चीमागे एक मला मिळतो. आठवड्याला चाळीस कापतो. माझं घर तुमच्या दोन बोटांवर चाललंय, भाऊजी."

"मग ते बारा बारा काय करत होतास?"

"बंदरावर बारा देतात, एवढंच म्हणालो. मला देतात असं कुठं म्हणालो?"

शेठ जेवून आले. मिस्त्रींना बघून त्यांनी हात जोडले, चहा मागवला आणि मिस्त्रींना कापलेल्या खुर्चीवर बसवलं. मनानं माणूस वाईट नव्हता.

"मला खुर्ची कुठूनही आली तरी बारालाच पडते," ते म्हणाले. "इथला मिस्त्री पलीकडच्या गल्लीत बसतो, हातगाडीवर खुर्च्या पाठवतो, तो बाराचे बारा घेतो. तुमच्यात तीन ट्रक खातो, एक तुमचा मेहुणा. उरले आठ. मी काही तुमच्या हाताला नावं ठेवत नाही. तुमच्या डोंगराला ठेवतो."

"पाय लांब आहेत हे मला कळवलं का नाहीत?"

"कळवलं की. पहिल्याच वर्षी. ड्रायव्हरकडे निरोप दिला होता."

ड्रायव्हर दारात उभा होता. तो म्हणाला, "मी सांगायलाच आलो होतो मिस्त्री. पण तुमच्या ओट्यावर बसलो आणि बघतो तर खुर्ची एकदम सरळ. म्हटलं, शेठचंच काहीतरी चुकतंय. कशाला तुमचं मन दुखवा."

वीस वर्षांत बंदराकडून गावाकडे आलेला हा एकुलता एक निरोप, आणि तो ओट्यावर येऊन बसून विरून गेला होता.

"ठीक आहे," मिस्त्री म्हणाले. "यापुढे पाय बरोबर येतील. मला बारा द्या."

"नऊ देतो. कापायचा एक वाचला तो तुमचा. पण ट्रकचे तीन कुठून आणू?"

"दहा तरी."

शेठनं मऊ आवाजात विचारलं, "मिस्त्री, नाही दिले तर तुम्ही या चाळीस खुर्च्या कोणाला विकणार? परत नेणार?"

मिस्त्रींना कोणी खुर्चीबद्दल कितीही प्रश्न विचारले असते तरी त्यांनी उत्तर दिलं असतं. पण विकणार कोणाला, हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. ट्रक यायचा, खुर्च्या जायच्या.

बाहेर पडल्यावर त्यांना दुसरंच काही टोचायला लागलं. नऊ मिळवले खरे, पण ते मेहुण्याच्या ताटातून उचललेले. आता घरी जाऊन बायकोला काय सांगायचं? तुझ्या भावाची नोकरी घालवून आलो, आणि भाव तरीही बारा नाही.

"असं कर," ते मेहुण्याला म्हणाले, "राहू दे. मी पाय लांबच ठेवतो. तू काप. आपल्या घरातलाच रुपया आपल्या घरात."

मेहुणा रस्त्यातच थांबला आणि हसायला लागला. मग हसणं आवरून त्यानं मिस्त्रींचा हात धरला. "भाऊजी, देव तुमचं भलं करो. पण माझी काळजी करू नका. चला, दाखवतो."

त्यानं गोदामातून एक खुर्ची आणून मिस्त्रींच्या डोक्यावर दिली आणि त्यांना रस्त्यानं घेऊन निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाकूडसामानाची दुकानं. मेहुणा पहिल्याच दुकानात शिरला आणि म्हणाला, "शेठकडचं काम सुटतंय. माणूस पाहिजे का?" दुकानदार म्हणाला, "उद्यापासून ये. पॉलिशला." मेहुणा बाहेर आला. "झालं," तो म्हणाला. "नसतं झालं तर शेजारी विचारलं असतं. इथं अशी अकरा दुकानं आहेत. शेठ मला ओरडून बोलला तर मी दुपारी दुसरीकडे असतो, म्हणून तो ओरडत नाही. हात तुमचा माझ्यापेक्षा चौपट चांगला, भाऊजी. पण तुम्हाला दार एक आणि मला अकरा."

मिस्त्री डोक्यावरच्या खुर्चीसकट उभे राहिले. बारा आणि आठ यांच्यामधली गोष्ट पहिल्यांदाच त्यांना खुर्चीत न दिसता रस्त्यात दिसत होती.

तिसऱ्या दुकानातल्या बाईंनी खुर्ची खाली ठेवायला लावली. मेहुण्यानं तिचे पाय आधीच कापले होते, ही देवाची कृपा. बाईंनी सांधा बघितला, नखानं खरवडला, खुर्ची उचलून आपटली, आणि म्हणाल्या, "दुकानात पोच तेरा देईन. ट्रक तुमचा."

तेरातून तीन गेले, दहा.

"पण," बाई म्हणाल्या, "दर आठवड्याला बोलायला इथं कोणीतरी पाहिजे. कोणती मोडली, कोणती परत, पुढच्या वेळी किती. मी ड्रायव्हरशी बोलणार नाही. माणूस चांगला आहे, पण त्याच्याकडे दिलेलं बोलणं पोचत नाही."

मिस्त्रींनी याचा अर्थ लावला. दर आठवड्याला इथं कोणीतरी, म्हणजे मुक्काम. मुक्काम म्हणजे जिना.

बुधवारी ते गावी परतले ते गवंड्याकडून पाणसळ मागून घेऊनच. घरात न शिरता आधी कामाच्या खोलीची जमीन बघितली. पाणसळीतला बुडबुडा दरीकडून डोंगराकडे असा पळाला की जणू त्याला पाठीमागून कोणी हाक मारली होती. मग दोन दिवस माती आणून, धुम्मस मारून त्यांनी जमीन सपाट केली. तिसऱ्या दिवशी नवी खुर्ची झाली. सरळ, कुठंही नेऊन ठेवावी अशी. शेजाऱ्यानं मुद्दाम एक घरी नेली, आणि तासाभरात परत आणली. "मिस्त्री, तुमचा हात गेला," तो म्हणाला. "बसलो तर दरीत ओतल्यासारखं वाटतं."

तेव्हा मिस्त्रींनी दोन रांगा केल्या. गावासाठी लांब पायांच्या, जगासाठी सरळ.

बायकोला त्यांनी सगळं सांगितलं, अगदी दोन बोटांसकट. भावाचं नाव निघालं तिथं तिनं पदर तोंडाला लावला. मिस्त्रींना वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"म्हणजे वीस वर्षं मी त्याचं कौतुक करत होते, आणि तो तुमच्या खुर्च्यांचे पाय कापत होता?"

"सोड ते. पण नऊच झाले. दहा होतील, पण तिथं कोणीतरी पाहिजे. महिना संपत आलाय." त्यांनी खोल श्वास घेतला. "तर मग जाऊ. जिन्याखाली तर जिन्याखाली. पण इथल्यासारखं लाकूड तिथं नाही. खुर्च्या तिथं करायच्या म्हटलं तर लाकूड महाग पडणार, आणि मग..."

"तुम्ही कशाला जाताय?"

"अगं, बोलायला कोणीतरी..."

"बोलायला ना?" बायको म्हणाली. "खुर्ची करायला नाही. बोलायला."

वीस वर्षं या बाईचं बोलणं मिस्त्रींनी एकट्यानं ऐकलं होतं. एवढा माल आणि गिऱ्हाईक एकच, आणि तेसुद्धा उठून पळणारं. तिच्या जिभेलाही आजवर रस्ता मिळाला नव्हता, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी ती बसली. मिस्त्री ओट्यावरून बघत होते. दुसऱ्या वळणाशी ट्रक थांबलेला दिसला. ब्रेक एवढ्यात तापत नाहीत. मग कळलं की ती ड्रायव्हरशी बोलत होती आणि त्याला एका वेळी दोन्ही कामं जमत नव्हती.

दोन दिवस मिस्त्रींनी स्वतः भात केला. पहिल्या दिवशी करपला, दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला. घर इतकं शांत होतं की रंध्याचा आवाज त्यांना स्वतःलाच मोठा वाटायला लागला. त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि मागायला काही सुचेना म्हणून नुसतेच बसून राहिले.

गुरुवारी ट्रक आला तो भरलेला. मिस्त्रींना आधी वाटलं खुर्च्या परत आल्या. पण मागे पोती होती. मिठाची, साबणाची, वर खिळ्यांचे खोके. बायको खाली उतरली. आवाज बसला होता, चेहरा मात्र खुलला होता.

"हे काय?"

"किराणावाल्याचा माल. हा बाबा वीस वर्षं रिकामा परत येतोय आणि परतीचे पैसे आपल्याकडून घेतोय. मी किराणावाल्याला विचारलं, तू माल कसा आणतोस? म्हणाला, दुसरा ट्रक करतो. म्हटलं, कशाला?" तिनं पाणी पिऊन घेतलं. "आता येतानाचं बरंचसं भाडं तो देणार. आपल्याला तीनाच्या जागी दोन पडतात."

ड्रायव्हर मागून म्हणाला, "मिस्त्री, मी कबूल नव्हतो झालो. वीस वळणं नव्हतो झालो."

तेरातून दोन गेले. मिस्त्रींनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. "अकरा."

"अकरा. शेठ पण अकरा म्हणाले. दुकानातल्या बाईंना खुर्च्या पसंत पडल्या म्हटल्यावर लगेच म्हणाले. वीस त्यांना, वीस बाईंना. कोणालाही सगळ्या द्यायच्या नाहीत."

"आणि बारा?"

"बाराव्यासाठी मी भांडले. पण भांडणार कोणाशी? डोंगर देवानं ठेवलाय. त्याचा एक त्याला जाऊ दे."

मिस्त्रींनी मान डोलवली. मग घसा खाकरून, इकडे तिकडे बघत विचारलं, "आणि ते... तिकडे राहायला जायचं?"

"कुठं, त्या जिन्याखाली?" बायको घरात शिरता शिरता म्हणाली. "दोन रात्री झोपले तिथं. त्याच्या चपला माझ्या कपाळावरून जातात. तुम्ही इथंच राहा, लाकडाजवळ. मी जाते येते."

ती चुलीशी गेली. भाताचं पातेलं बघितलं, त्याच्या बुडाकडे बघितलं, आणि बसलेल्या आवाजात वीस मिनिटं बोलली. मिस्त्री खांबाला टेकून सगळं ऐकत राहिले. एकदाही उठून पळाले नाहीत.

"आणि ऐका," शेवटी ती म्हणाली, "मंगळवारी पन्नास पाहिजेत. बाईंनी दहा जास्त सांगितल्यात. अजून इथंच बसलाय?"

मिस्त्री उठले आणि रंधा घ्यायला गेले.